पोस्टफिक्स: पाचपैकी साडेचार

ऑफिसचा मेल सर्व्हर गेली चार वर्षं मी पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतोय. फुकट आहे, दणकट आहे, महिनोन्‌महिने त्याच्याकडे बघावं लागत नाही. अर्धा तारा कापलाय तो अटॅचमेंटच्या मर्यादेसाठी.

मेसेज_साइज_लिमिट, म्हणजे एका मेलच्या आकाराची मर्यादा, मूळात १,०२,४०,००० बाइट असते. लोक ऐकतात ‘दहा एमबी’ आणि नऊ एमबीची फाइल जोडतात. पण फाइल जाते बेस६४ होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून: ५७ बाइटांची ७६ अक्षरं, वर ओळ संपवणाऱ्या खुणा. म्हणजे सदतीस टक्के फुगवटा, आणि प्रत्यक्षात मावते जेमतेम साडेसात एमबीची फाइल. नऊवाल्याला ५५२ (‘मेल फार मोठा’ असा नकार) मिळतो आणि मला फोन येतो. आकडा वाढवणं एका ओळीचं काम, पण आधी हे गणित कळायला हवं.

हा फुगवटा पोस्टफिक्सचा नव्हे. १९८२च्या एसएमटीपीला, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमावलीला, सात बिटांपलीकडची (साध्या इंग्रजीपलीकडची) अक्षरं ठाऊक नव्हती आणि ओळ हजार अक्षरांत संपवावी लागे. कच्ची बायनरी पाठवायची सोय, बायनरीमाइम, १९९५ साली प्रायोगिक म्हणून कागदावर आली. पोस्टफिक्स ती देत नाही. मला तरी अडलं नाही.

अडलं ते माझ्याच शहाणपणामुळे. एका स्क्रिप्टमध्ये मी बेस६४ची पायरी वगळली आणि पीडीएफ ‘८ बिट’ म्हणून तशीच ढकलली. मेल पोचला, पीडीएफ उघडली तर कोरी पानं. पोस्टफिक्स बाहेर पाठवताना ९९८ अक्षरांपुढची ओळ मोडतो आणि मध्ये नवी ओळ व एक स्पेस घालतो. मजकुराला त्याने फारसं बिघडत नाही, पीडीएफचा मात्र चुराडा होतो. हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. वाचलं कोणी?

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. एका ग्राहकाकडे आमची बिलं स्पॅममध्ये जायची. गंमत म्हणजे इंग्रजी बिलं सुखरूप, मराठीच तेवढी अडकायची. त्यांच्याकडून हेडर (मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक नोंदी) मागवले: डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, फेल; बॉडी हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, जुळत नाही. त्यांच्या दारातली फायरवॉल एहलोच्या (सर्व्हरांच्या पहिल्या नमस्काराच्या) उत्तरातून ‘८बिटमाइम’, म्हणजे ‘आठ बिट चालतील’, ही ओळच गाळत होती. समोरच्याला आठ बिट झेपत नाहीत असं समजून पोस्टफिक्स इमानदारीत मजकूर कोटेड-प्रिंटेबल (आठ बिटांचा मजकूर साध्या अक्षरांत लिहायची दुसरी पद्धत) करायचा. पण सही त्याआधीच, मेल रांगेत शिरतानाच झालेली. सहीनंतर मजकूर बदलला की सही मोडणारच. इंग्रजी बिलात आठव्या बिटाचा प्रश्नच नसल्यामुळे त्याला हात लागत नव्हता.

३.९ आवृत्तीत यावर नेमका उपाय आलाय: फोर्स_माइम_इनपुट_कन्व्हर्जन. ‘यस’ केलं की ८ बिट मजकुराचं रूपांतर मिल्टरच्या (मेल तपासणाऱ्या किंवा त्यावर सही करणाऱ्या जोडप्रोग्रामच्या), म्हणजे सहीच्या, आधीच उरकतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरलाच बेस६४ करायला लावा. देवनागरीला ते स्वस्तही पडतं. एकटा ‘म’ कोटेड-प्रिंटेबलमध्ये ‘=ई०=ए४=एई’ होतो, नऊ अक्षरं. बेस६४मध्ये चार.

मी ३.९वर गेलो. बिलं आता जवळपास तिप्पट शब्दबंबाळ होऊन जातात, पण इनबॉक्समध्ये जातात.