अझ्युअरचं पुणे रीजन: टॅलीसाठी घ्यावं का?

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या क्लाउड सेवेवर मशीन (म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा भाड्याचा संगणक) बनवताना रीजनच्या, म्हणजे डेटा सेंटरच्या जागांच्या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ दिसतं. नावावरून नागपूर वाटेल, पण हे आपलं पुणेच, २०१५ पासून. भोसरीतलं वर्कशॉप असो की नारायण पेठेतलं सीए ऑफिस, टॅली आणि फायली क्लाउडवर न्यायच्या तर हेच रीजन निवडावं. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घेतली तरी सर्व्हर सुरू राहतो. ऑफिसचा राउटर यूपीएसवर नसेल तर मात्र त्याचा उपयोग शून्य.

चार-पाच जणांच्या टॅलीला बी मालिकेतलं बी२एमएस नावाचं मशीन पुरतं: २ कोअर, ८ जीबी रॅम. बी मालिका स्वस्त आहे, कारण ती सलग ताणासाठी बनवलेलीच नाही. मशीन निवांत असताना क्रेडिट (जास्त वेगाने चालण्याची शिल्लक) साठतात, काम वाढलं की खर्च होतात. संपले की प्रोसेसर कोअरमागे ३० टक्क्यांवर येतो. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची घाई असते तेव्हाच हे होतं आणि सगळे नेटला शिव्या देतात. रोज दिवसभर मोठे रिपोर्ट काढणाऱ्यांनी सरळ सलग ताण झेलणारी डी मालिका घ्यावी.

आता सर्वांत महागात पडणारी गोष्ट. ‘टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर’ ही आपल्याकडची जुनी सवय. बी२एमएसवर विंडोजमध्ये दिसणारा डी ड्राइव्ह तात्पुरता असतो. मशीन पोर्टलवरून (अझ्युअरच्या वेबसाइटवरून) थांबवून पुन्हा सुरू केलं की तो कोरा होऊ शकतो, आणि बॅकअपमध्येही तो येत नाही. वेगळी डेटा डिस्क जोडा आणि कंपनीचं फोल्डर तिथे ठेवा.

बिलाचंही असंच. विंडोजच्या स्टार्ट मेनूतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं, पण भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून स्टॉप करून ‘डीअ‍ॅलोकेटेड’ (मशीन सोडून दिलं) असं दिसायला हवं. डिस्कचे पैसे तरीही लागतात. ऑटो-शटडाउन लावताना टाइम झोन बदला. मुळात तो यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो, त्यामुळे संध्याकाळचे ७ टाकले तर मशीन रात्री साडेबाराला बंद होईल. बजेट अलर्ट फक्त मेल पाठवतो, मशीन थांबवत नाही.

विंडोज सर्व्हरवर एकाच वेळी दोघांनाच लॉगिन मिळतं, तेही प्रशासकीय कामापुरतं. त्यापुढे रिमोट डेस्कटॉपची (दुरून त्या मशीनचा स्क्रीन वापरण्याची) वेगळी लायसन्स घ्यावी लागतात. बसवून देणारा बरेचदा हे सांगत नाही, कारण १२० दिवस लायसन्सशिवाय सगळं सुरळीत चालतं. मग एके सकाळी कुणालाच आत जाता येत नाही. टॅलीचंही गोल्ड लायसन्स लागेल; सिल्व्हर एकाच वापरकर्त्यासाठी आहे.

सुरक्षेत अझ्युअर इमारत, वीज आणि हार्डवेअर सांभाळतं. दरवाजा तुमचा. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवला तर पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न लगेच सुरू होतात, आणि रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आत शिरायची ही नेहमीची वाट. ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, नेटवर्क सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे अझ्युअरच्या फायरवॉल नियमांत, तेवढ्याच पत्त्याला परवानगी ठेवा. बाहेरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) द्या.

अझ्युअरमध्ये डिस्कच्या तीन प्रती असतात म्हणून बॅकअप नको, हे चूक. रॅन्समवेअरने फायली लॉक झाल्या की तिन्ही प्रतींत लॉक झालेल्याच राहतात. रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्टमध्ये (अझ्युअरच्या बॅकअप साठ्यात) रोजचा बॅकअप लावा. सॉफ्ट डिलीटमुळे पुसलेला बॅकअपही १४ दिवस परत मिळतो. बॅकअप जिओ-रिडंडंट (दोन शहरांत) ठेवलात तर दुसरी प्रत चेन्नईच्या रीजनमध्ये जाते. हा पर्याय पहिल्या बॅकअपआधीच ठरवा, नंतर बदलता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं २०२२ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे ते कामही यातच होतं. तिमाहीला एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद उघडतो का बघा.

टॅली, एक्सेल आणि कागदपत्रं एवढंच असेल तर सेवा चांगली. एकट्या अकाउंटंटसाठी हा खर्च जास्तच. थ्रीडी ड्रॉइंगचं काम मात्र ऑफिसातल्याच वर्कस्टेशनवर ठेवा, कारण जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) मशीनचं भाडं फार आहे. डीएससी टोकनही (डिजिटल सहीचा यूएसबी) ऑफिसच्या संगणकालाच लावा. रिमोट डेस्कटॉपमधून ते हमखास अडतं.