नमुना खरा, माल खोटा: ॲक्शन कॅमेऱ्यांत माझे १९,७५० रुपये गेले

हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. आईला अजून पूर्ण आकडा माहीत नाही. पण परवा फोनवर जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवेना. ते शेवटी सांगतो, आधी झालं काय ते वाचा.

आमचा मालवणात स्नॉर्केलिंगचा धंदा आहे. काकांची मशीनची होडी, पाण्यात मी आणि माझा चुलतभाऊ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पर्यटकांना नेतो. पावसाळ्यात होडी वर ओढली की कमाई बंद. गेली दोन वर्षं येणारा प्रत्येक जण जॅकेट घालायच्या आधी विचारतो, "व्हिडिओ देता ना?" मोठ्या धंदेवाल्यांकडे गोप्रो आहेत, पाण्यात चालणारे महागडे ॲक्शन कॅमेरे. तसे सहा घ्यायचे तर आम्हाला कर्ज काढावं लागेल. म्हणून स्वस्तातले बघत होतो. आणि हे ठासून सांगतो, मी डोळे मिटून घेतलेले नाहीत. "बघून घ्यायला नको होतं का?" असं म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

सोशल मीडियावर जाहिरात दिसली: ४के, ३० मीटर वॉटरप्रूफ, सोबत केस आणि क्लिपा. मी आधी एकच मागवला. २,८५० रुपये, तोही कॅश ऑन डिलिव्हरी. आठ दिवस तो कॅमेरा माझ्या हातात होता.

या स्वस्त कॅमेऱ्यांत खोटेपणा कुठे चालतो ते मला माहीत होतं. खोक्यावर ४के छापतात आणि आत दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे वीस लाख ठिपक्यांचा, सेन्सर बसवतात. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. सेन्सरवर तेवढे नसतील तर कॅमेरा चित्र ताणून मोठं करतो. फाइलची माहिती उघडली तर तिथेही ४केच दिसतं, त्यामुळे त्यावर कधी जाऊ नका. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर हातभर अंतरावर कॅमेरा ठेवला, एकदा १०८० या कमी ठिपक्यांच्या मोडवर आणि एकदा ४के वर शूट केलं आणि दोन्ही लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. १०८० मध्ये तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं पुसट होती, ४के मध्ये वाचता आली. एका मिनिटाची फाइल साधारण साडेचारशे एमबीची. म्हणजे कॅमेरा खरा होता.

मग पाणी. रिकाम्या केसमध्ये टिश्यू पेपरची घडी ठेवली, केस दगडाला बांधली आणि आमच्या विहिरीत वीस फूट खाली सोडली. अर्ध्या तासाने वर काढली, कागद कोरडा. मगच कॅमेरा आत घालून सोडला. तो व्हिडिओ इतका सुंदर आला की मी स्वतः चार वेळा पाहिला. चिऱ्याचे लाल थर, फटींतलं शेवाळ, वरून पडणारी उन्हाची तिरीप आणि तळाला आमचं कासव. मी तो विक्रेत्याला पाठवला. खाली लिहिलं, "कॅमेरा एक नंबर, आता सहा हवेत."

सहा कॅमेरे प्रत्येकी २,६०० ने १५,६००. सहा ६४ जीबी कार्डं प्रत्येकी ३९० ने २,३४०. कुरिअर ३६०. एकूण १८,३००. घाऊक मालाला कॅश ऑन डिलिव्हरी नाही म्हणाला. धंद्यात असलेल्या माणसाला हे पटतं, मलाही पटलं. ९,००० आधी आणि ९,३०० पॅकिंगचा व्हिडिओ दाखवल्यावर, असं ठरलं.

आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवतो. जेटीवर उभा होतो, संध्याकाळचे पाच, काका डिझेलचा कॅन घेऊन होडीत. मी क्यूआर कोड स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं. बिलावर दुकानाचं नाव होतं, शेवटी 'ट्रेडर्स' असलेलं. स्क्रीनवर एका व्यक्तीचं नाव, त्याचा त्या दुकानाशी काही संबंध नाही. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला! मी फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, करंट अकाउंटची आजची लिमिट संपली, हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." दुकानदाराची पैसे घ्यायची लिमिट संध्याकाळी पाचला संपते? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. काका होडीतून ओरडत होते, भरती लागली होती, दोन गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. मी पिन टाकला. चार दिवसांनी ९,३०० पाठवताना तर त्या नावाकडे पाहिलंही नाही, कारण एकदा पाहून झालं होतं. बिलावरचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव वेगळं असेल तर पैसे पाठवू नका. कारण काहीही सांगू दे.

दुसरी खूण पार्सलवरच चिकटवलेली होती. नमुन्याच्या पार्सलवर वजन ६२० ग्रॅम होतं. सहाचं साडेतीन किलोच्या पुढे भरायला हवं. या खोक्याच्या चिठ्ठीवर २.१ किलो. मासळीची टोपली उचलून किलोचा अंदाज सांगणारा मी, खोकं उचलताना हाताला हलकं लागलं आणि मनात म्हटलं, पॅकिंग कमी असेल.

माल दिवाळीच्या तोंडावर आला. सहाही चालू करून पाहिले, चालू झाले. तेच खोकं, तेच स्टिकर, तोच मेनू. घरात गिऱ्हाइकांचे फोन वाजत होते, त्यामुळे पुन्हा कालनिर्णयसमोर बसलो नाही. एक नमुना आठ दिवस तपासलेला माणूस बाकीचे सहा पुन्हा तपासेल का? बहुतेक जण नाही तपासणार, आणि तो विक्रेता याच भरवशावर जगतो. लॉटमधला प्रत्येक नग तपासा, पहिल्या नगावरून काही ठरवू नका.

पाडव्याला पहिल्यांदा पाण्यात नेले. जेमतेम सहा-सात फूट खोल पाणी. दोन केसमध्ये खारं पाणी शिरलं. केस उघडली तर रबराची रिंग चपटी, मध्ये जोड दिसतोय. नमुन्याची रिंग गोल आणि अखंड होती. एक बॅटरी रात्रीपर्यंत फुगली. काकांनी कॅमेरा हातात घेऊन पाणी ओतलं आणि एवढंच विचारलं, "झिला, हो कित्याक भिजलो?" मला उत्तर देता आलं नाही.

कार्डांनी त्याहून वाईट केलं. सकाळच्या फेऱ्यांचे व्हिडिओ आले, दुपारनंतरचे उघडेचनात. घरी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने कार्ड तपासलं. छापलंय ६४ जीबी, खरी जागा साडेसात जीबीसुद्धा नाही. आत ८ जीबीची चिप आणि कंट्रोलरमध्ये ६४ असं खोटं लिहून ठेवलेलं. भरलं की नवीन फाइल नुसती नावाला बनते, आत काही नसतं. नवीन कार्ड घेतलं की आधी ते पूर्ण भरून तपासा, मग कामाला लावा. त्या दिवशी पाच जणांचे प्रत्येकी ४०० असे २,००० परत दिले. सांगलीच्या एक आजी होत्या, ६८ वर्षांच्या, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरलेल्या, माझा हात घट्ट धरून. त्यांचा व्हिडिओ गेला. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत, म्हणाल्या, "असू दे बाळा." ते मला २,००० पेक्षा जास्त लागलं.

रात्री एक कॅमेरा खोलला. पुढची पट्टी काढली की चार बारीक स्क्रू. सेन्सरच्या पट्टीवरचा नंबर शोधला तर दोन मेगापिक्सेलचा निघाला. लेन्स गोंदाच्या एका ठिपक्यावर चिकटवलेली. गोंद खरवडून लेन्स पाव फेरा फिरवली, तेव्हा चित्र थोडं स्वच्छ झालं, म्हणजे फोकसही धड बसवला नव्हता. पण सेन्सरच लहान, त्याला स्क्रूड्रायव्हर काय करणार! ४के ची एका मिनिटाची फाइल जेमतेम ११० एमबी. कालनिर्णयवरची तिथी दोन्ही मोडमध्ये सारखीच पुसट.

विक्रेता फोनवर गोड बोलला. चुकून दुसरा लॉट गेला, बदलून देतो, माल परत न्यायचं, म्हणजे रिव्हर्स पिकअपचं, डिपॉझिट १,४५० भरा, ते परत मिळेल. मी भरले. १८,३०० अडकलेले असताना १,४५० साठी कोण मागे हटतं? ११ दिवस आज-उद्या केलं आणि मग नंबर ब्लॉक. त्या ११ दिवसांनी माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं. शंका आली त्याच तासाला १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. बदलून देतो म्हणणाऱ्याची वाट बघू नका.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. बँकेत गेलो, तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" कुरिअरवाला म्हणाला, खोकं सीलबंद होतं, आमचा संबंध संपला. पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवून साहेबांनी विचारलं, "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कुठे झाली?" म्हणजे माणसाने रिकामं खोकं पाठवलं तरच गुन्हा? अर्ज लिहून दिला, तर म्हणे विक्रेता परराज्यातला, तिकडे जाऊन तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यायची. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये फसवणूक आहे. मी मोबाइलवर काढून दाखवलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की चोर मीच. जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथून पुन्हा त्याच ठाण्यात पाठवलं. सीझनमधले तीन दिवस होडी माझ्याविना गेली. त्या तीन दिवसांचा हिशोब मी वरच्या आकड्यात धरलेलाच नाही.

एका कार्यालयात तर सांगितलं, कॅमेरे धंद्यासाठी घेतले, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. घरी येऊन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला. स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तर तो ग्राहकच धरतात, कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय. ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. टेबलापलीकडच्या माणसाला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. कुणी असं तोंडावर सांगून परत पाठवलं तर जाऊ नका, लेखी मागा. मी तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे. बिल, दोन्ही कुरिअर चिठ्ठ्या, वजनासकट, सगळं जोडलंय. चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आधी घेतले म्हणून वाचलो. तुम्ही पहिल्या दिवसापासून घेत जा.

काका म्हणतात, "गेले ते गेले, आता गप रव." परवापर्यंत मीही गपच होतो. परवा रात्री फोनवर एका नव्या दुकानाची जाहिरात आली. नाव वेगळं, कॅमेरा तोच, नमुना २,८५० ला, कॅश ऑन डिलिव्हरी. खाली लिहिलंय, 'आमच्या ग्राहकाने काढलेला खरा व्हिडिओ'. त्यात चिऱ्याचे लाल थर दिसतात, उन्हाची तिरीप दिसते, आणि सतराव्या सेकंदाला तळातून एक कासव सरकतं. ती विहीर माझ्या परसातली आहे. तो व्हिडिओ खरा आहे, तो कॅमेराही खरा आहे. पण तुम्ही सहा मागवलेत तर तो तुम्हाला मिळणार नाही.