दहा हजाराचा फिल्टर घेतला, पण लाइनच नाही तर काय करता

दारव्ह्याजवळच्या गावात रायतो, घरी माशांची तीन फुटी टाकी आहे, दीडशे लिटरची, दोन एंजल अन् बाकी मॉली. मागच्या वर्षी डोक्यात आलं का एकदाचं ब्रँडेड घेऊनच पाहू, म्हणून एहाइम कंपनीचा क्लासिक कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) मागवला, तो जर्मन 2213, मीडियासकट (म्हणजे पाणी गाळाले डब्यात भरतात तो माल) दहा हजाराच्या वर गेला. बायको म्हणे एवढ्यात बकरी आली असती, खोटं नाही बोलली.

फिल्टर म्हणाल तर तोड नाही भाऊ. 8 वॅटची मोटर, कंपनी तासाले 440 लिटर सांगते (मीडिया भरला का कमीच होते ते), आवाज इतका कमी का पहिल्या रात्री दोनदा हात लावून पायलं चालू आहे का बंद. पण मे महिन्यात गावची डीपी जळाली, लाइन गेली ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. बंद डब्यात पाणी फिरलं नाही का आतल्या, पाणी साफ ठेवणाऱ्या बॅक्टेरियाले ऑक्सिजन भेटत नाही, ते मरतात अन् तिथंच सडतात, अन् मी येडा, लाइन आल्याबरोबर डबा न धुता तसाच चालू केला. खोलीभर सडक्या अंड्याचा वास, सकाळी मोठा एंजल उताणा. चूक माझीच, फिल्टरची नाही. इन्व्हर्टर आहे पण साधा स्क्वेअर वेव्हवाला, त्यावर मोटर नुसती घूं घूं करते.

अन् बाजूच्या छोट्या टाकीत दीडशे रुपयाचा स्पंज फिल्टर, लाइन गेली का आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप, तिथं एक गप्पी मेली नाही!

हीटरवर मात्र पैसा लावा. आपल्याकडे लागतो डिसेंबर-जानेवारीच, म्हणून मी लोकल घेतला होता, थर्मोस्टॅट चिकटला अन् सकाळी पाणी 36 डिग्री. चांगला महाग वाटत असंल तर लोकल हीटरले वेगळा कंट्रोलर लावा, तो ठरलेल्या डिग्रीवर करंट तोडते. लाइटचं काय, साधी एलईडी पट्टी बी चालते, झाडं लावायची नसली तर.

कॅनिस्टर अजून चालू आहे, विकणार नाही. फक्त त्याच टाकीत आता बॅटरी पंपाचा एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) बी सोडला, अन् लाइन तीन-चार तास गेली का डबा उघडून टाकीच्याच पाण्यानं मीडिया धुतो, मंग बटन दाबतो.