कळ काढायला शिकले: बटणांच्या साध्या फोनचे आठ महिने

फोन अण्णांसाठी घेतला होता. टचस्क्रीनवर त्यांचं बोट थरथरतं, एकाला लावायला जावं तर दुसऱ्यालाच लागतो, आणि मग "चुकून लागला हो" म्हणत बसावं लागतं. म्हणून बटणांचा आणला. त्यांनी खोका उघडला, फोन तळहातावर घेऊन वजन जोखल्यासारखा वरखाली केला आणि परत आत ठेवला. "आधी तू वापर. तुला नीट आला की मला शिकव."

मला हसू आलं. यात शिकायचंय काय? एके काळी असलाच फोन वापरत होते की मी. पण पहिल्याच संध्याकाळी नावांची यादी वर सरकवायला मी पडद्यावरून अंगठा फिरवत होते. यादी ढिम्म. तेव्हा कळलं की अण्णांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला आलेले बहुतेक अनुभव या जातीच्या कुठल्याही फोनवर थोड्याफार फरकाने येतील. माझ्याकडचा दोन सिमचा आहे, २.४ इंची पडदा, निघणारी बॅटरी, ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड, चार्जिंगला जुनी मायक्रो यूएसबी पिन. कॅमेरा आहे असं खोक्यावर लिहिलंय. दोन्ही सिम चालू ठेवून आणि बेतानं बोलून बॅटरी चार दिवस जाते. एवढंच सांगून यंत्राचा विषय मिटवते, कारण खरी गंमत बटणांत आहे.

या फोनमध्ये अर्धी कामं मेनूमध्ये सापडतच नाहीत. ती बटण दाबून धरल्यावर होतात. शून्य दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं, परदेशातला नंबर लावायला ते लागतं. # दाबून धरलं की फोन मुका होतो. २ ते ९ यांतलं कुठलंही दाबून धरलं की त्याला आधी नेमून दिलेल्या माणसाला थेट फोन लागतो. वरच्या दिशेचं बटण दाबून धरलं की टॉर्च. हिरवं बटण एकदा दाबलं तर लावलेल्या-आलेल्या फोनांची यादी, लगोलग दुसऱ्यांदा दाबलं तर शेवटच्या नंबरला पुन्हा फोन. मी हे सगळं वहीत लिहून अण्णांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, कळ दाबायची नाही, कळ काढायची."

तेव्हापासून आमच्या घरात हाच शब्द रूढ झाला. "दोनची कळ काढ" म्हणजे मला फोन लाव. पण कळ किती काढायची हे बोटाला समजायला दोन महिने गेले. सुरुवातीला ते २ दाबून लगेच सोडायचे, पडद्यावर नुसता दोनचा आकडा उमटायचा आणि ते फोन कानाला लावून वाट बघत बसायचे. मग उलटं झालं. फोन संपवताना लाल बटण इतकं मनापासून दाबून धरायचे की फोनच बंद व्हायचा. संध्याकाळी मी लावावा तर "संपर्कक्षेत्राबाहेर". लाल बटण असं दुहेरी कामाचं करणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

त्याहून वाईट प्रसंग # बटणाचा. दोन दिवस अण्णा फोन उचलेनात. घंटा तर वाजत होती, म्हणजे माझ्या कानात वाजत होती. शेवटी शेजाऱ्यांना पाठवलं, तर हे निवांत बसलेले. खिशात # दाबलं गेलं होतं आणि फोन मुका झाला होता. पडद्याच्या वरच्या पट्टीत आडवी रेघ मारलेली इवलीशी घंटा होती, पण तिच्याकडे कोण बघतं? दोष म्हणाल तर माझाच. बटणांना आपोआप कुलूप लागण्याची सोय या फोनवर आधीपासून चालू नव्हती, सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते, आणि मी ती केली नव्हती. नवा फोन हातात आल्यावर सगळ्यांत आधी हे करा. कुलूप लागलेलं असतानाही ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागतो, त्यामुळे ती भीती नको.

आकड्यांच्या मांडणीचा घोळ मात्र मला आधी उमगलाच नव्हता. अण्णांचं आयुष्य हिशेबात गेलं. कॅल्क्युलेटरवर त्यांची बोटं न बघता चालतात. फोनवरही ते न बघताच नंबर दाबायचे आणि हमखास चुकायचे. चुकाही ठरावीक, एकच्या जागी सात, तीनच्या जागी नऊ. कारण साधं आहे. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ ही ओळ वर असते, फोनवर १-२-३ वर. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोनच्या संशोधनशाळेत बटणांच्या फोनसाठी निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून दाबून घेऊन तपासल्या गेल्या, आणि तीन-तीनच्या ओळी अन् खाली शून्य ही मांडणी पुढे आली. तीच आज मोबाइलवर आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी एखाद्या हिशेबनिसाला विचारलं असतं तर?" मधली ४-५-६ ची ओळ दोन्हीकडे सारखीच. म्हणून मी त्यांना पाचवरचा उंचवटा दाखवला. बटणांच्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पाचवर असा एक बारीक ठिपका किंवा रेघ असते, हाताला लागते. आता अंगठा आधी तिथे टेकतो, मग वर किंवा खाली जातो. चुका थांबल्या. फोनमधला कॅल्क्युलेटर मात्र ते अजून हातात धरत नाहीत. तिथेही १-२-३ वरच, शिवाय बेरीज-वजाबाकीला दिशांची बटणं. त्यांच्या मते ही चेष्टा आहे.

नावांची यादी भरताना एक चूक केली, ती तुम्ही करू नका. जुन्या फोनमधली नावं मी सिमवर उतरवली आणि सिम नव्या फोनमध्ये घातलं. सिमवर एका नावापुढे एकच नंबर मावतो, नावाला जागा मोजकी, आणि देवनागरीत तर ती आणखी लवकर संपते. ज्यांचे दोन नंबर होते ते दोनदा आले, लांब नावं मध्येच तुटली. शेवटी जुन्या फोनमधून व्हीकार्डची, म्हणजे सगळी नावं-नंबर एकत्र ठेवणारी फाइल काढली, मेमरी कार्डवर टाकली आणि ती फोनच्या स्मृतीत उतरवली. मग नावं जोडायची जागा "सिम" ऐवजी "फोन" अशी सेटिंगमध्ये बदलली. फोन हरवला तर नावं जातील, म्हणून ती फाइल जपून ठेवली आहे.

आता मेसेज. यावर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला.

माझ्या फोनवर मराठी टाइप करता येतं, आणि बटणांवर अक्षरं वर्गवार लावली आहेत. क-वर्ग एका बटणावर, च-वर्ग पुढच्या, तसंच ट, त, प. अण्णांना हे बघून फार आनंद झाला, कारण शोधावं लागत नाही. कुठलं अक्षर कुठल्या घरात राहतं हे शाळेपासून पाठ असतं. मला मात्र चार दिवसांत वैताग आला. वर्णमालेत अनुनासिकं शेवटी, म्हणून "म" यायला बटण पाच वेळा दाबावं लागतं आणि "न" यायलाही पाच वेळा. आता "म" आणि "न" टाळून मराठीत काही लिहून दाखवा. "मी" म्हणायलाच सहा-सात दाब. एक दाब जास्त झाला की पुन्हा "प" पासून प्रदक्षिणा. एकाच बटणावरची दोन अक्षरं लागोपाठ आली तर मध्ये क्षणभर थांबायचं, म्हणजे इथेही कळ काढायचीच. जोडाक्षराचा पाय मोडायची खूण माझ्या फोनवर * च्या बटणात दडली आहे. ती अण्णांनी शोधली, मी नाही. शब्दांचा अंदाज बांधून देणारी सोय आहे, पण मराठीत ती भलतंच सुचवते, म्हणून बंद केली. ते # एकदा दाबून होतं.

एक गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदाच कळली. इंग्रजीत लिहिताना वर कोपऱ्यात १६० असा आकडा दिसतो आणि उतरत जातो. मराठी अक्षर टाकलं की तो एकदम ७० च्या आसपास कोसळतो. मला वाटलं फोन बिघडला. पण हिशेब सरळ आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संकेतात, १६ बिट, म्हणून ७०. आणि हे ७० सुद्धा आपल्या समजुतीतले नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "तब्येत बरी आहे" यात डोळ्यांना सात अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा दिसतात, फोन चौदा मोजतो. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे भाग पडतात आणि मग प्रत्येक भागात ६७च मावतात, कारण भाग जोडायची माहितीही त्याच जागेत बसवावी लागते. एसएमएसचे पैसे मोजून जात असतील तर हे माहीत असलेलं बरं. हा आकडा कळल्यावर अण्णांच्या भाषेत फरक पडला. "तुझं पत्र मिळालं, वाचून आनंद झाला" अशी सुरुवात करणारा माणूस आता "मिळालं. छान." एवढ्यावर थांबतो.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी गेला, तोही संगणकावरून टाइप करून, कारण तेव्हाच्या फोनवर मजकूर लिहायची सोयच नव्हती. सातवेळा बटण दाबून "मी" लिहिताना मला तो टाइप करणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो.

तरीही मेसेजमधली एक सोय अशी आहे की तिच्यासाठी बाकी सगळं माफ. तयार मजकूर. एकदा लिहून जतन केला की पुढे फक्त निवडून पाठवायचा. अण्णांचे चार आहेत: "पोहोचलो", "नंतर फोन करतो", "जेवलो", आणि चौथा "काळजी करू नकोस". हे त्यांनी स्वतः, मला न विचारता टाइप करून ठेवले. चौथ्यात पाय मोडलेलं अक्षर नाही म्हणून तो लवकर झाला, असं त्यांचं स्पष्टीकरण.

रेडिओबद्दल तक्रार करणार होते, पण चूक माझी निघाली. इअरफोन लावल्याशिवाय चालूच होईना. या फोनला एफएमसाठी आत अँटेना नाही, इअरफोनची वायर हीच अँटेना. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर तीन मीटरची असते, तिचा पाव भाग म्हणजे पाऊण मीटर, त्यामुळे हातभर लोंबणारी वायर कामाची ठरते. वायर लावून ठेवायची आणि आवाज स्पीकरवर वळवायचा, मग सगळ्यांना ऐकू येतं. वायर गुंडाळली की खरखर वाढते. आत अँटेना असलेले फोनही मिळतात. रेडिओसाठीच घेणार असाल तर आधी खात्री करा.

सिमच्या पिनच्या, म्हणजे गुप्त आकड्याच्या, वाटेला मी उगाच गेले. सुरक्षेसाठी चालू केली, आठवड्याने विसरले, तीनदा चुकीची टाकली आणि सिमने पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा क्रमांक मागितला. तो आठ आकडी असतो, सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद, म्हणून इथे अंदाज लढवायचे नाहीत. *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनवर दोन दिसतात. ते कागदावर लिहून ठेवा, फोन चोरीला गेल्यावर ते बघायला फोन नसतो. आणि कुणी अनोळखी माणूस फोनवर सांगू लागला की *२१* दाबून अमुक नंबर टाका, तर टाकू नका. त्याने आपल्याला येणारे फोन त्याच्याकडे वळतात. चुकून केलंच असेल तर ##००२# लावल्यावर बहुतेक नेटवर्कवर सगळी वळवणी रद्द होते.

गजर उत्तम, फोन बंद असला तरी माझ्याकडचा वाजतो. पण सिम बदलायला बॅटरी काढली की घड्याळ मागे जातं. एकदा गजर त्यामुळेच हुकला. ब्राउझर उघडू नये. कॅमेऱ्याबद्दल वर बोलून झालं.

घेताना फोरजी आहे का ते बघा, नुसता टूजीचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. काही देशांनी टूजी बंदच केलं आहे, सिंगापूरने तर २०१७ सालीच.

आठ महिन्यांत फोन तीनदा पडला, बॅटरी आणि पाठ वेगळी झाली, परत बसवली, चालू आहे. बटणांवरची अक्षरं मात्र पुसट होऊ लागली आहेत, २ आणि ५ वरची तर जवळपास गेलीच. अण्णांचं त्याने काही अडत नाही. मी त्यांचा फोन घेऊन मेसेज लिहायला बसले की अक्षरं शोधत राहते, आणि ते शेजारून सांगतात, "पाचव्या घरात बघ."