आईवडील गावच्या घरी की आपल्या फ्लॅटमध्ये?

गावी मदतनीस ठेवून आईवडिलांना तिथेच राहू देणे आणि त्यांना शहरात आपल्याजवळ आणणे, यांत खर्चापेक्षा दिनक्रमाचा फरक मोठा असतो. गावी वडिलांचे ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणे आणि आईचे तुळशीला पाणी घालणे चालू राहते; तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र शेजाऱ्यांची बंद दारे आणि दूरदर्शन संच एवढेच उरते. तरीही मध्यरात्री छातीत कळ आली, तर तालुक्याला पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ जातो; म्हणून हृदयविकार किंवा आठवड्यातून दोनतीनदा डायलिसिस असेल, तर माझा कौल शहरालाच आहे. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान भारतचे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दोन्हीकडच्या संलग्न रुग्णालयांत चालते. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे. मदतनीस सणाला सुट्टीवर गेल्यास गावी कोण जाणार, हे भावंडांनी आधीच ठरवावे (बहुधा फोन लेकीलाच जातो). विस्मरणाची नुकती सुरुवात असेल आणि घरात सोबतीला कोणी असेल, तर अंधारातही सापडणारी मोरी सोडायला लावण्याची घाई करू नये.