लाकडी बॉडीतली ‘डेनॉन १०३’, २१,७०० ला गंडलो

लिहायला लाज वाटतेय. जाहिरात बघून एका काकांच्या घरून डेनॉन डीएल-१०३ घेतली (कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्डवर फिरणारी सुई जिच्यात बसते तो भाग), आणि निघाली नकली. बारा वर्षं रेकॉर्ड ऐकतोय, मित्रांना अक्कल शिकवतो, आणि मीच गंडलो. पण परवा एकाने मला जाहिरात पाठवली, तोच फोटो, तीच लाकडी बॉडी, म्हणून गप्प बसवत नाही.

माझा टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२००, आर्मचा (सुईच्या दांड्याचा) इफेक्टिव्ह मास, म्हणजे हलताना जाणवणारं वजन, १२ ग्रॅम. डीएल-१०३ ची सुई ताठ, कॉम्प्लायन्स (लवचिकपणा) कमी, तिला जड आर्म लागतो. काकांनी हेच सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं, आणि तिथेच मी विरघळलो. मास गुणिले कॉम्प्लायन्स, त्याचं वर्गमूळ, त्याने १५९ ला भागा, आर्म-सुईचा रेझोनन्स (स्वतःची थरथर) ८ ते १२ हर्ट्झच्या मध्ये आला पाहिजे, हे सगळं तोंडपाठ! असा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? म्हणून म्हणे लाकडी बॉडी, म्हणून हेडशेलवर (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसते तिथे) ८ ग्रॅमचं वजन. कार्ट्रिज १८,५००, हेडशेल आणि वजनं ३,२००. यूपीआयने तिथल्या तिथे दिले.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. चहा झाला, काकांनी कुमार गंधर्वांची एलपी लावली, जुन्या रिसीव्हरच्या (अँप्लिफायरच्या) साध्या फोनो इनपुटला. व्हॉल्यूम जेमतेम पाव फिरवलेला आणि आवाज हॉलभर. अरे, डीएल-१०३ चं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट! एमसी (मूव्हिंग कॉइल) जातीची ती, स्टेपअपशिवाय, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्याशिवाय, नुसती कुजबुजायला हवी. मी विचारलं सुद्धा, “काका, स्टेपअप कुठाय?” म्हणाले, “रिसीव्हरच्या आतच बसवून घेतलाय.” आता एमसी इनपुटवाले रिसीव्हर असतात की नाही? असतात. म्हणून मान डोलावली. उठून मागच्या वायरी बघायला काय झालं होतं मला, पण समोर कुमार गातायत आणि आपण उठून वायरी बघायच्या, बरं दिसत नाही.

घरी एमसी फोनो स्टेजला (एमसीचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) लावली तर आवाज फाटला. डीएल-१०३ च्या २.५ ग्रॅम दाबाला सेट केली तर सुई दबून कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासायला लागलं, आणि जरा वाकड्या रेकॉर्डवर वूफर धापा टाकल्यासारखा पुढे-मागे. मल्टिमीटर लावला (एमसीला लावू नये म्हणतात, मला तेव्हा पर्वा नव्हती). ४० ओहमच्या आसपास यायला हवे, आले ६८०. साधी एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, स्टेपअपशिवायच मोठ्याने वाजणारी), लाकडात कोंबलेली! आर्म १२, कार्ट्रिज १२, वजन ८, झाले ३२ ग्रॅम, मऊ सुईचं कॉम्प्लायन्स २० धरा, साडेसहा हर्ट्झ पण येत नाही. मॅचिंग कसलं डोंबलाचं.

कार्ट्रिज घ्यायला जाताना स्वतःची फोनो स्टेज उचलून न्या, भले हसू देत. आणि बॉडी बदललेली असेल तर मूळ प्लास्टिकची बॉडी दाखवा म्हणा.

चौकीत तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा “कसली कॅसेट?” मग “वस्तू मिळाली ना? वाजते ना? मग फसवणूक कुठली?” तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला, आणि हवालदार मला विचारतोय, गावाकडे जुना ग्रामोफोन पडलाय, किती येतील? अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँकवाले म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. वकील मित्र म्हणतो घरगुती विक्री, ग्राहक आयोगात टिकणार नाही. म्हणजे मी जायचं कुठे?? (पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो.)

काकांचा फोन बंद. जाहिरात मात्र चालू आहे, किंमत आता १९,५००, हेडशेल फ्री.