सड्यावर (कोकणातल्या उघड्या कातळी माळावर) टफ लॅपटॉप न्यावा की साधाच घरी सांभाळावा?

माझा पहिला लॅपटॉप पाण्यात पडला नाही, हातातून सुटला नाही, त्याच्यावर कधी चहासुद्धा सांडला नाही. बागांचे नि प्लॉटांचे नकाशे काढायच्या कामात दोन पावसाळे सोबत फिरला आणि तिसऱ्या जूनमध्ये चार्जिंगच घेईना. रत्नागिरीतल्या दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण काढलं, टॉर्च मारली आणि मला जवळ बोलावलं. चार्जिंगच्या पिनेपाशी बोर्डावर हिरवट पूड जमली होती, न घासलेल्या ताम्हनावर जमते तशी. "पाणी नाय गेलंय यात," तो म्हणाला, "खारी हवा गेलीय."

आता गुहागरचा भाचा रोव्हर (उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन हेच काम सुरू करतोय आणि विचारतोय, "मामा, टफ घेऊ की साधा?" जाहिरातीत टफ, म्हणजे मार-धूळ-पाणी सोसायला बनवलेले लॅपटॉप नेहमी उंचावरून पडताना दाखवतात. आपल्याकडे मशीन पडून मरण्यापेक्षा दमट हवेने कुजून मरतात, म्हणून तुलना तिथूनच करायला हवी.

बाजारात पूर्ण टफ आणि अर्ध टफ अशा दोन जाती आहेत. पॅनासोनिकचं टफबुक 40 किंवा गेटॅकचं बी 360 ही पूर्ण टफ, आयपी 66 वाली. टफबुक 55 किंवा डेलचं लॅटिट्यूड 5430 रग्ड ही अर्ध टफ, आयपी 53. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देण्याची प्रत; यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्यापुढचा 3 म्हणजे वरून किंवा तिरकस पडणारे शिंतोडे सोसणं, 6 म्हणजे जोराचा फवारा सोसणं. जुलैत आपल्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, तेव्हा 53 वालं मशीन उघडून बसायचा विचार सोडून द्या. शिवाय ही चाचणी साध्या पाण्याने होते, खाऱ्या नाही.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तो आयपीचा आकडा पोर्टवरची रबरी झाकणं घट्ट बंद असतील तेव्हाच खरा. रोव्हरची केबल यूएसबीत खुपसली की झाकण उघडं, आणि त्या क्षणी तुमचं सहासष्ट तिथल्यापुरतं शून्य. त्यामुळे टफ घेणार असाल तर रोव्हर ब्लूटूथवर चालतो ना, ते आधी बघा.

मिल-स्टँडर्ड 810, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांचा शिक्का हल्ली साध्या लॅपटॉपवरही असतो. त्यात पडण्याच्या, थरथरण्याच्या, उष्णतेच्या, दमटपणाच्या कितीतरी चाचण्या आहेत आणि त्यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनी ठरवते. आपल्या कामाची चाचणी मिठाच्या धुक्याची, पद्धत क्रमांक 509. ती केली आहे का, हे लेखी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर काय ते समजा.

उजेडात मात्र टफ मशीन सरळ जिंकतं. एप्रिलात दुपारी बाराला सड्यावर उभे राहा. पायाखाली तापलेला कातळ, वर सावलीचं पान नाही. साध्या लॅपटॉपचा पडदा अडीचशे-तीनशे निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), त्यात नकाशाऐवजी स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसतं. टफबुक 40 चा पडदा 1200 निट्सपर्यंत जातो, अर्ध टफही हजाराच्या घरात मिळतात. इथे अर्ध टफ खरोखर उपयोगी. ऑक्टोबर ते मे एवढंच बाहेरचं काम असेल, तर त्यात काही वाईट नाही.

वजनाचं म्हणाल तर टफबुक 40 साडेतीन किलोच्या आसपास, बी 360 अडीचच्या आत. गाडीतून उतरून शंभर पावलं चालायची असतील तर फरक पडत नाही, पण कलमांच्या बागेत उतारावर दिवसभर फिरायचं तर खांदा बोलतो.

पैशाचं गणित कडू आहे. एका पूर्ण टफच्या किमतीत तीन-चार साधे लॅपटॉप येतात. साध्याचा कीबोर्ड चिपळुणातही बदलून मिळेल, टफचा सुटा भाग मुंबई-पुण्याहून यायचा आणि तोवर काम थांबायचं. जुनं टफबुक स्वस्तात मिळतं म्हणून भाचा भुलला होता. पण वर्षांगणिक त्याची रबरी सीलं कडक होतात, आयपीचा आकडा नुसता स्टिकरवर उरतो. शिवाय आठव्या पिढीआधीच्या इंटेलवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

वीज हा आमच्याकडचा वेगळाच हिशेब. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेल्यावर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. मशीन चालू असताना बॅटरी बदलता येते, ही सोय टफवाल्यांत बऱ्याच मॉडेलांत मिळते, आणि तेव्हा तिची किंमत कळते.

भाच्याला मी विचारलं, "बाहेर बसून तू टाइप काय करणार?" तो विचारात पडला. बिंदू घ्यायचे, नाव द्यायचं, पुढे जायचं. त्याला रोव्हर चालवणारा आयपी 67 चा (7 म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडणं सोसणं) हातातला कंट्रोलर पुरतो, लॅपटॉप घरीच हवा. खाडीत होडीवरून खोली मोजणारा, किंवा हर्णैसारख्या बंदरात जेटीवर बसून नोंदी भरणारा असता, तर मी त्याला पूर्ण टफच घ्यायला लावलं असतं, कर्ज काढून का होईना.

त्याने साधा घेतला. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो, पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवतो. एसीच्या गाडीतून काढल्यावर पिशवीतच अर्धा तास राहू देतो, म्हणजे थंड मशीनवर दव धरत नाही. त्याची मावशी ओरडते, तवा पोळ्यांचा आहे म्हणून.